हेरॉइन सोडून औषधोपचारावर येताना: घाई कुठे करायची आणि कुठे नाही

गर्द म्हणा, ब्राऊन शुगर म्हणा, हेरॉइन सोडायचं ठरलं की घरच्यांना पहिला उपाय सुचतो तो एकच. आठ-दहा दिवस खोलीत ठेवायचं, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर शरीराला होणारा त्रास, निघून जाऊ द्यायची आणि मग माणूस सुटला असं समजायचं. टर्की आठ-दहा दिवसांत बऱ्यापैकी ओसरते, हे खरंच आहे. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळते आणि मग उतरते. एरवी धडधाकट असलेला माणूस नुसत्या टर्कीनं सहसा मरत नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी फार कमी झालं तर जिवावर बेतू शकतं. खरा धोका मात्र त्यानंतर येतो. या आठ-दहा दिवसांत शरीराची हेरॉइनची सवय मोडलेली असते, ओढ मात्र तशीच असते. पंधराव्या दिवशी जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो.

२००३ साली स्वीडनमधला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४० जण होते. निम्म्यांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम बुप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या निम्म्यांना तेच औषध सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन आणि गटचर्चा दोन्हीकडे सारख्याच होत्या. वर्ष संपलं तेव्हा पहिल्या गटातले चारापैकी तीन जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातलं कोणीही टिकलं नव्हतं आणि त्यांतले चौघे मरण पावले होते. ‘एक नशा सोडून दुसरी कशाला’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांसमोर मी हे आकडे ठेवतो आणि त्यावर फार वाद घालत नाही.

या लेखात औषधोपचारावर कसं यायचं ते क्रमानं सांगितलं आहे. डोसचे आकडे दिले आहेत ते डॉक्टर काय करताहेत हे तुम्हाला समजावं म्हणून. घरी स्वतःच गोळ्या सुरू करण्यासाठी ते दिलेले नाहीत.

औषधं तीन, पण तिन्हींचं काम वेगळं

मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं हेरॉइनच्याच कुळातली आहेत आणि मेंदूत त्याच जागी जाऊन बसतात. फरक असा की ती हळू चढतात आणि बराच वेळ टिकतात. हेरॉइन घेणाऱ्याचा दिवस चढण्या-उतरण्यात आणि पुढचा डोस शोधण्यात जातो. या औषधांचा डोस नीट बसला की चढणं नाही आणि टर्कीही नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या डॉक्टरांनी मेथाडोनचा असा उपयोग १९६५ साली मांडला. २००५ पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

मेथाडोन पूर्ण ताकदीचं औषध आहे. डोस वाढवला की परिणाम वाढत जातो आणि धोकाही वाढतो. बुप्रेनॉर्फिनचा परिणाम एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही, त्यामुळे नुसत्या बुप्रेनॉर्फिननं प्रौढ माणसाचा श्वास थांबण्याची शक्यता बरीच कमी असते. मात्र मेंदूतल्या त्या जागेवर ते फार घट्ट बसतं. आधी बसलेल्या हेरॉइनला खुर्चीवरून उठवून ते स्वतः बसतं आणि तिथून अर्ध्याच जोरानं काम करतं. पुढे पहिल्या डोसच्या वेळेबद्दल जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका गुणामुळे आहे.

तिसरं औषध नाल्ट्रेक्सोन. ते त्या जागा नुसत्या अडवून ठेवतं आणि स्वतः काहीच परिणाम देत नाही. त्यासाठी आधी हेरॉइन किमान ७ ते १० दिवस पूर्ण बंद असावं लागतं, आणि बहुतेक जण नेमके तिथेच गळतात. रोजच्या गोळ्या लोक सोडून देतात. महिन्यातून एकदा घ्यायचं ३८० मिलिग्रॅमचं इंजेक्शन त्यापेक्षा बरं. ज्याचं हेरॉइन आधीच सुटलेलं आहे, पुन्हा त्या कुळातलं काहीच नको असं ज्याला वाटतं आणि ज्याला आधार देणारं माणूस जवळ आहे, त्याला ते चालू शकतं. रोज हेरॉइन घेणाऱ्याला पहिला पर्याय म्हणून मी ते सुचवणार नाही.

मेथाडोन की बुप्रेनॉर्फिन, हा प्रश्न बऱ्याचदा तुमच्या जवळच्या केंद्रात काय मिळतं यावरच सुटतो. निवड करता येत असेल तर काही गोष्टी बघा. मेथाडोनसाठी सुरुवातीला रोज केंद्रावर जावं लागतं. बुप्रेनॉर्फिन घरी नेणं लवकर शक्य होतं. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर बुप्रेनॉर्फिन त्यातल्या त्यात सुरक्षित. बुप्रेनॉर्फिन पुरेशा डोसमध्ये घेऊनही ओढ जात नसेल, तर मेथाडोनवर जाण्यात काहीच कमीपणा नाही. उपचारात लोकांना टिकवून ठेवण्यात मेथाडोन थोडं सरसच ठरलं आहे.

पहिल्या भेटीला जाताना

इथे मात्र घाई करा. आज जायचं मनात आलं असेल तर आजच जा. ‘आधी थोडं कमी करतो, मग जातो’ या वाक्यात महिने जातात.

डॉक्टरांना खरं सांगा. किती घेता, कशी घेता, सुईनं की ओढून, शेवटचं कधी घेतलं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या किती, पूर्वी कधी ओव्हरडोस झाला होता का, हे सगळं. लाजेपोटी लोक निम्मंच सांगतात. त्यातली सगळ्यात धोक्याची लपवाछपवी असते अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपामसारख्या गोळ्यांची. त्या या औषधांच्या जोडीनं श्वास मंदावतात. रोजच घेत असाल तर एकदम बंद केल्यावर झटकेही येऊ शकतात. दारूचंही तसंच. त्या गोळ्या चालू आहेत म्हणून उपचार नाकारला जाऊ नये. त्या कशा आणि किती कमी करायच्या, याची वेगळी आखणी करायला हवी.

तपासण्यांमध्ये यकृताची तपासणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, स्त्रियांसाठी गरोदरपणाची चाचणी आणि मेथाडोन घ्यायचं असेल तर अनेक ठिकाणी ईसीजी असतो. हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. सुई वापरलेल्या प्रत्येकानं ती चाचणी करून घ्यावीच. मात्र अहवाल येईपर्यंत औषध अडवून ठेवण्याचं सहसा कारण नसतं. तसं कोणी सांगितलं तर का, ते विचारा.

लघवीच्या चाचणीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. नेहमीच्या ओपिएटच्या (अफूपासून आलेल्या द्रव्यांच्या) चाचणीपट्टीवर मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन दिसत नाहीत. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. घरच्यांनी आणलेल्या पट्टीवर काहीच दिसलं नाही, म्हणून ‘हा औषध घेतच नाही’ असा आरोप झालेली माणसं आहेत.

बुप्रेनॉर्फिनचा पहिला डोस

या सगळ्या प्रवासातली सगळ्यात नाजूक वेळ हीच. अंगात हेरॉइन भरलेलं असताना बुप्रेनॉर्फिन घेतलं, तर ते हेरॉइनला जागेवरून हटवतं आणि अर्ध्याएक तासात जोरदार टर्की येते. एरवी दोन दिवसांत हळूहळू चढणारी टर्की तासाभरात अंगावर कोसळते. ज्याला एकदा असा अनुभव आला तो ‘मला ही गोळी सोसत नाही’ म्हणतो आणि पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाही. गोळी त्याला सोसली असती. फक्त वेळ चुकली.

ही वेळ घड्याळावरून आणि शरीरावरून, दोन्हीवरून ठरवायची. हेरॉइननंतर किमान १२ तास जाऊ द्यायचे. कोणी मेथाडोनवरून बुप्रेनॉर्फिनवर येत असेल, तर आधी मेथाडोनचा डोस सहसा ३० मिलिग्रॅमच्या आसपास आणतात आणि मग ३६ ते ७२ तास थांबतात. पण घड्याळापेक्षा शरीराचं जास्त ऐका. डॉक्टरांकडे कॉव्झ नावाची मोजपट्टी असते. तिच्यात ११ लक्षणं असतात: नाडी, घाम, अस्वस्थपणा, बाहुल्यांचा आकार, हाडं-सांधे दुखणं, नाक-डोळे वाहणं, पोटाची गडबड, हातांची थरथर, जांभया, घबराट-चिडचिड आणि अंगावर काटा. बेरीज १२ च्या आसपास किंवा त्याहून जास्त झाली की पहिला डोस देणं बऱ्यापैकी सुरक्षित असतं. बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत आणि अंगावर काटा येतोय, ही दोन लक्षणं मला सगळ्यात भरवशाची वाटतात, कारण ती आणता येत नाहीत. घबराट मात्र पहिल्या चार तासांतही होऊ शकते आणि तिच्यावर विसंबून गोळी घेतली तर फसगत होते.

म्हणून दिवस आधीच आखून ठेवा. शेवटचं हेरॉइन संध्याकाळी, रात्र कशीबशी काढायची आणि सकाळी केंद्रात जायचं, असं बहुतेकांना जमतं. रात्रीसाठी डॉक्टर काही गोळ्या देऊ शकतात. क्लोनिडिननं घाम आणि अस्वस्थपणा कमी होतो, पण रक्तदाबही उतरतो, म्हणून उठताना सावकाश उठायचं. मळमळीला, जुलाबाला आणि अंगदुखीला वेगळ्या गोळ्या असतात. पाणी पीत राहा. सोबतीला कोणी असेल तर त्यानं उपदेश करू नये, नुसतं बसावं. त्या रात्री भाषण ऐकण्याची ताकद कोणातच नसते.

पहिला डोस २ ते ४ मिलिग्रॅमचा असतो. गोळी किंवा पट्टी जिभेखाली ठेवायची. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी प्या. ती ५ ते १० मिनिटांत विरघळते. तोवर बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, सिगारेट ओढायची नाही. गिळलेली गोळी जवळपास वाया जाते. पूर्ण विरघळल्यावर पाण्यानं चूळ भरा, पण दात तासाभरानंतरच घासा. औषध आम्लधर्मी असल्यानं दातांना त्रास होतो आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ साली तशी सूचनाही काढली आहे. सुरुवातीला हा त्रास कोणाच्या लक्षात येत नाही आणि दोन वर्षांनी दाढा किडलेल्या सापडतात.

तासा-दोन तासांनी पुन्हा बघतात. टर्की कमी झाली असेल पण उरली असेल, तर आणखी २ ते ४ मिलिग्रॅम देतात. पहिल्या दिवशी एकूण ८ मिलिग्रॅमच्या आसपास होतात, काहींना त्याहून जास्त लागतात. दुसऱ्या दिवशी बहुधा १२ ते १६. पुढे बरेच जण रोज १६ ते २४ मिलिग्रॅमवर स्थिरावतात. कमी डोसवर राहणं म्हणजे लवकर सुटणं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात डोस अपुरा पडला की दुपारनंतर ओढ परत येते आणि पाय जुन्या वाटेला लागतात. ओढ येत असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्याला हावरटपणा म्हणणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

पहिल्या डोसनंतर टर्की कमी होण्याऐवजी एकदम वाढली तर घाबरून हेरॉइनकडे धावू नका. बुप्रेनॉर्फिन जागा अडवून बसलेलं असल्यानं हेरॉइनचा फारसा उपयोग होत नाही आणि माणूस डोस वाढवत धोक्यात जातो. डॉक्टरांना लगेच कळवा. अशा वेळी बहुधा आणखी बुप्रेनॉर्फिनच देतात आणि काही तासांत स्थिती सावरते.

बऱ्याच गोळ्यांमध्ये बुप्रेनॉर्फिनसोबत चारास एक या प्रमाणात नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या औषधांचा परिणाम उलटवणारं औषध, असतं. अचानक आलेली टर्की त्या नॅलोक्सोनमुळे येते, असा समज फार पसरलेला आहे. जिभेखाली नॅलोक्सोन जवळजवळ शोषलंच जात नाही. टर्की येते ती बुप्रेनॉर्फिनमुळे. नॅलोक्सोन घातलंय ते गोळी कुटून सुईनं घेण्याला आळा बसावा म्हणून.

फेंटानिल मिसळलेलं असेल तर

अनेक देशांत आता हेरॉइन म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात फेंटानिल असतं. ते त्याच कुळातलं, पण हेरॉइनहून कितीतरी जास्त ताकदीचं कृत्रिम औषध आहे. रोज घेणाऱ्याच्या शरीरातल्या चरबीत ते साठतं आणि कित्येक दिवस हळूहळू बाहेर येत राहतं. त्यामुळे १२ तास थांबूनही बुप्रेनॉर्फिननं टर्की उसळू शकते. अशा वेळी दोन वाटा आहेत. एक म्हणजे जास्त वेळ थांबणं, कधी २४ तासांहून जास्त, आणि मोजपट्टीचा आकडा चांगला चढू देणं. दुसरी वाट स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या डॉक्टरांनी २०१६ साली मांडली. बुप्रेनॉर्फिन एक मिलिग्रॅमहूनही कमी, अगदी ०.२ मिलिग्रॅमपासून सुरू करायचं आणि काही दिवस थोडं थोडं वाढवत न्यायचं. या काळात आधीचं ओपिऑइड (हेरॉइनच्या कुळातलं औषध) चालूच राहतं आणि शेवटी बंद होतं. टर्की काढावीच लागत नाही, म्हणून घाबरलेल्या माणसाला ही पद्धत आवडते. पण रोजचा हिशेब काटेकोर पाळावा लागतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच करायची.

मेथाडोन सुरू करताना

मेथाडोनला टर्कीची वाट बघावी लागत नाही आणि सुरुवात त्या मानानं सोपी असते. धोका पुढच्या दोन आठवड्यांत असतो, आणि तो दिसत नाही. मेथाडोन शरीरातून फार हळू बाहेर पडतं. आजच्या डोसमधलं निम्मं उद्याही अंगात असतं, त्यावर उद्याचा डोस बसतो. म्हणजे डोस तोच ठेवला तरी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत परिणाम वाढतच जातो.

म्हणून पहिला डोस साधारण २० ते ३० मिलिग्रॅम असतो. ज्याची सवय कमी झालेली आहे त्याला त्याहून कमी. नंतर दर तीन ते पाच दिवसांनी ५ ते १० मिलिग्रॅम वाढवतात. बहुतेकांचा डोस ६० ते १२० मिलिग्रॅमदरम्यान कुठेतरी बसतो, आणि तिथे पोचायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी टर्की जाणवेल. ती जाणवणारच, असं धरून चाला. ‘आज पुरत नाही’ म्हणून वर हेरॉइन, दारू किंवा झोपेची गोळी घेतली की अंगात साठत चाललेल्या मेथाडोनवर त्याची भर पडते. मृत्यू बहुतांश याच जोडीमुळे होतात.

घरच्यांनी या दिवसांत रात्री लक्ष ठेवायचं ते घोरण्याकडे. एरवी न घोरणारा माणूस जड, गुरगुरल्यासारखा घोरायला लागला आणि हाक मारून उठत नसेल, तर ‘गाढ झोप लागली’ असं समजून दार लोटून घेऊ नका. श्वास अडतो आहे.

मेथाडोनमुळे हृदयाच्या विद्युत लहरींतलं क्यूटी अंतर लांबू शकतं. कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली तर ईसीजी काढून घ्या. इतर औषधांशीही त्याचं वाकडं आहे. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं मेथाडोन झपाट्यानं कमी करतात आणि भरल्या डोसवर टर्की येते. फ्लुकोनाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन उलट त्याचं प्रमाण वाढवू शकतात. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की मेथाडोन चालू असल्याचं आधी सांगा, सर्दी-तापासाठी गेलात तरी.

सलग तीन किंवा जास्त दिवस डोस चुकला तर जुना पूर्ण डोस घेऊ नका. सवय उतरलेली असते. केंद्रात सांगा, ते कमी डोसपासून पुन्हा चढवतील. चुकलेल्या दिवसांबद्दल खोटं बोलून ९० मिलिग्रॅम मागून घेणं जिवावर बेतू शकतं.

नॅलोक्सोन, पहिल्या दिवसापासून

उपचार सुरू होतो त्याच दिवशी नॅलोक्सोन घरात आलं पाहिजे. नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन, जे मिळेल ते. ते कुठे ठेवलंय हे घरातल्या दोघा-तिघांना माहीत असावं. ओव्हरडोस झालेला माणूस स्वतः ते घेऊ शकत नाही.

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ आणि नखं निळसर-राखाडी, श्वास अगदी मंद किंवा नाहीच, हलवून जाग नाही, असं दिसलं तर क्रम असा ठेवा:

1. जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं घासा. जाग आली नाही तर रुग्णवाहिका बोलवा.
2. नॅलोक्सोन द्या.
3. डोकं मागे, हनुवटी वर करून तोंडानं श्वास द्या, दर पाच सेकंदांना एक. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला घ्या.
4. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू झाला नाही तर दुसरा डोस.
5. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा आणि एकटं सोडू नका.

नॅलोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो. मेथाडोन त्याहून कितीतरी जास्त वेळ टिकतं. उठून बसलेला माणूस तासाभरानं पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या.

पहिले काही महिने

बद्धकोष्ठ होतं. घाम फार येतो, विशेषतः मेथाडोननं. झोप बिघडते आणि कामेच्छा कमी होते. या शेवटच्या तक्रारीवर कोणी बोलत नाही आणि तिच्यामुळे औषध सोडणारे पुरुष बरेच असतात. डॉक्टरांकडे विषय काढा, संप्रेरकांची तपासणी आणि उपाय दोन्ही आहेत. बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या आठवड्यातच सुरू केलेलं बरं.

घरी नेलेलं औषध कुलपात ठेवायचं. ही सूचना नाही, सक्ती समजा. मोठ्या माणसाचा एक डोस लहान मुलाचा जीव घेतो. मेथाडोनचं द्रावण सरबतासारखं दिसतं.

मधूनच हेरॉइन घेतलं जातं. पहिल्या काही महिन्यांत तर अनेकांकडून. तसं झालं की लोक दोन चुका करतात. एक तर लाजून केंद्रात जात नाहीत, नाहीतर ‘सगळं फुकट गेलं’ म्हणून औषधही सोडतात. दुसऱ्या दिवशी केंद्रात जा आणि सांगा. बहुतेक वेळा डोस कमी पडत असतो, किंवा डोसची वेळ तरी चुकत असते. एकदा घेतलं म्हणून रुग्णाला उपचारातून काढून टाकणारी केंद्रं आहेत. माझ्या मते ते वैद्यकीय निर्णयाच्या नावाखाली शिक्षा देणं आहे, आणि ती शिक्षा जिवावर बेतते. घेतलंच असेल तर एकट्यानं घेऊ नका, सुई नवी वापरा आणि नेहमीपेक्षा कितीतरी कमी घ्या.

समुपदेशन मिळत असेल तर जरूर घ्या. हेरॉइन गेल्यावर दिवसाचे जे रिकामे तास उरतात त्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुठलीच गोळी सोडवत नाही. पण ‘समुपदेशनाला आला नाही म्हणून आज गोळी नाही’ हे चुकीचं. औषध एकट्यानंही जीव वाचवतं. समुपदेशन एकट्यानं हे करू शकत नाही, स्वीडनच्या त्या दुसऱ्या गटात ते दिसलंच.

रोजच्या गोळीचा जाच वाटू लागला तर बुप्रेनॉर्फिनचं आठवड्याचं किंवा महिन्याचं इंजेक्शन काही देशांत मिळतं. हरवणं, चोरी, घरातली रोजची चौकशी, सगळं एकदम संपतं. शस्त्रक्रिया ठरली तर औषध स्वतःहून बंद करू नका. भूलतज्ज्ञाला सांगा. बहुतेक वेळा बुप्रेनॉर्फिन चालू ठेवूनच वेदनेवर उपाय करता येतो.

गरोदर असाल तर

हेरॉइन एकदम बंद करू नका. अचानक आलेल्या टर्कीनं गर्भाला धोका होतो. मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन सुरू करणं आणि ते बाळंतपणापर्यंत चालू ठेवणं हाच सर्वत्र मान्य असलेला मार्ग आहे. पोटात मूल वाढतं तसं औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं, म्हणून शेवटच्या महिन्यांत मेथाडोन वाढवावं लागतं किंवा दिवसातून दोनदा विभागून द्यावं लागतं. बाळाला जन्मानंतर काही दिवस टर्कीची लक्षणं येऊ शकतात. त्यावर उपचार आहेत आणि आईनं बाळाला अंगाशी धरून ठेवणं हाही त्यातलाच एक. आई औषधावर स्थिर असेल आणि हेरॉइन घेत नसेल तर अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. आईला एचआयव्हीची लागण असेल तर तेवढा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या.

बंद कधी करायचं

हा प्रश्न नातेवाईक पहिल्याच भेटीत विचारतात. २०१७ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून मृत्यूंचा हिशेब मांडला गेला. मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, आणि ते सोडल्यानंतरच्या काळात ३६. बुप्रेनॉर्फिनचे आकडे अनुक्रमे सुमारे ४ आणि ९ ते १०. औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे त्यात खास धोक्याचे ठरले. लग्न आहे, नोकरीची तपासणी आहे, घरच्यांना बरं वाटत नाही, अशा कारणांवरून तारीख ठरवून बंद करू नका.

दीड-दोन वर्षं हेरॉइन नाही, राहण्या-कमावण्याची घडी बसली आहे, जुनी संगत सुटली आहे आणि स्वतःलाच मनापासून बंद करावंसं वाटतं आहे, असं सगळं जुळून आलं तर प्रयत्न करायला हरकत नाही. न केला तरीही हरकत नाही. वीस-वीस वर्षं या औषधांवर राहून संसार केलेली माणसं आहेत.

कमी करताना सावकाश. मेथाडोन दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी, बुप्रेनॉर्फिन २ मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी आणि शेवटी शेवटी त्याहूनही लहान पायऱ्यांनी. सगळ्यात कठीण शेवटचा टप्पा असतो, २ मिलिग्रॅमवरून शून्यावर येण्याचा. त्याला आधीच्या सगळ्या उताराइतका वेळ लागला तरी चालेल. मधे कुठेही ओढ वाढली तर थांबा, नाहीतर एक पायरी मागे या. पूर्ण बंद झाल्यावर काही आठवडे झोप कमी लागते आणि मन उदास राहतं. नॅलोक्सोन घरात तसंच राहू द्या आणि डॉक्टरांच्या भेटी निदान वर्षभर चालू ठेवा.

पुन्हा हेरॉइन सुरू झालं तर पुन्हा टर्की ओसरेपर्यंत झगडत बसू नका, त्याच आठवड्यात केंद्रात जा. पूर्वी मेथाडोनचा डोस कितीही मोठा असला तरी या वेळी सुरुवात परत लहान डोसपासून होईल. बुप्रेनॉर्फिनसाठी पुन्हा तेच, शेवटच्या हेरॉइननंतर किमान १२ तास आणि मोजपट्टीवरचा आकडा.